पन्नासावा पत्ता एवढा महाग का?

तळेगावहून आत वळून आष्टीत या किंवा विदर्भातल्या दुसऱ्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा. शाळेजवळच्या जनरल स्टोअरमध्ये चॉकलेटच्या बरण्यांवर रंगीत पाकिटांची माळ लोंबताना दिसते. कुणावर पोकेमॉन, कुणावर कुस्तीगीर, कुणावर क्रिकेटपटू. त्याच दुकानात बावन्न पत्त्यांचा साधा जोडही मिळतो. तो एकदा घेतला की गणपतीच्या जागरणाला, उन्हाळ्याच्या सुट्टीत, लग्नघरी पाहुणे जमले की वर्षानुवर्षं चालतो. बदाम सात खेळा, झब्बू खेळा, मेंढीकोट खेळा. पुन्हा खिशात हात घालावा लागत नाही.

माळेतल्या पाकिटांचं तसं नाही. आज दहा रुपये, उद्या दहा रुपये, परवा वाढदिवसाचे शंभर. सहा महिन्यांनी मुलाकडे पत्त्यांचा ढीग असतो आणि तरीही ‘तो एक’ पत्ता नसतोच. कागद तोच, शाई तीच, मग एक खेळ एकदाच पैसे घेतो आणि दुसरा घेतच का राहतो? मुंबई-पुण्यात ‘मॅजिक’ किंवा पोकेमॉन या पत्तेखेळांच्या स्पर्धा खेळणारी मोठी माणसं हाच प्रश्न हजारो रुपयांत विचारतात. उत्तर तीन ठिकाणी दडलंय: पाकिटाच्या बंद असण्यात, खेळाच्या नियमांत आणि न खेळताच पत्ते विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकांत.

पुरा जोड आणि बंद पाकीट

पत्ते विकण्याच्या दोन रीती आहेत. पहिली पुऱ्या जोडाची. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पत्ते, एकूण १२०. हाताने रंगवलेली असल्यामुळे ती महाग पडते, पण डबी उघडली की सगळे १२० पत्ते समोर असतात. नव्वदच्या दशकात मुलं ज्या ‘ट्रम्प कार्ड’वर कुस्तीगिरांची उंची-वजनं ताडून पाहायची, तो जोडही एका डबीत पुराच यायचा.

दुसरी रीत बंद पाकिटाची. आत काय आहे ते विकत घेतल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात सिगारेटच्या पाकिटांतून आणि पुढे च्युइंगमसोबत बेसबॉल खेळाडूंची चित्रं अशीच वाटली गेली. आपल्याकडे चिप्सच्या पुड्यांतले गोल ‘टाझो’ आठवत असतील. पुढे टॉप्स कंपनीचे आयपीएल खेळाडूंचे ‘क्रिकेट अटॅक्स’ पत्तेही बंद पाकिटांतून आले. यातला बराचसा माल जमवण्यापुरता होता. अपुरा राहिला तरी कुणाचं काही अडत नसे.

१९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकी गणितज्ञाने या दोन रीतींची सांगड घातली. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा त्याचा खेळ ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या छोट्या कंपनीने बाजारात आणला. यात प्रत्येक खेळाडू स्वतःच्या पत्त्यांतून स्वतःचा जोड, म्हणजे ‘डेक’, बांधतो आणि ते पत्ते बंद पाकिटांतून मिळवतो. जपानमध्ये १९९६ साली पोकेमॉनचा पत्तेखेळ आला, १९९९ साली ‘यू-गि-ओह’. गारफिल्डची अटकळ अशी होती की माणूस एखाद्या साध्या बैठ्या खेळावर करतो तेवढाच खर्च यावर करील, त्यामुळे प्रत्येकाकडे थोडेच आणि वेगवेगळे पत्ते असतील. ही अटकळ फार दिवस टिकली नाही. चांगल्या पत्त्याने डाव जिंकता येतो म्हटल्यावर लोकांनी पाकिटांचे खोकेच्या खोके उचलले. आता अपुऱ्या संग्रहामुळे खेळाडू हरूही लागला.

शेवटच्या पत्त्याचं गणित

बंद पाकिटाचा खर्च कसा फुगतो, ते कागद-पेन्सिल घेऊन पाहू. समजा, एका संचात ५० वेगवेगळे पत्ते आहेत. दहा रुपयांच्या पाकिटात एकच पत्ता येतो आणि पन्नासांपैकी कुठलाही येण्याची शक्यता सारखीच आहे. संच पुरा करायला किती पाकिटं लागतील?

५० पाकिटं, ५०० रुपये, हे उत्तर चटकन सुचतं. पण त्यासाठी एकही पत्ता दुसऱ्यांदा येता कामा नये. पहिलं पाकीट नवा पत्ता देणारच. संग्रहात २५ पत्ते झाले की मात्र येणाऱ्या दर दोन पाकिटांतलं एक, मुलांच्या भाषेत, ‘डबल’ निघतं. ४९ पत्ते जमले की दर ५० पाकिटांत सरासरी एकच कामाचं. म्हणजे शेवटच्या एका पत्त्यासाठीच सरासरी ५० पाकिटं, ५०० रुपये लागतात.

सगळ्या टप्प्यांची बेरीज केली की आकडा येतो सुमारे २२५ पाकिटं, म्हणजे २,२५० रुपये. त्याची वाटणी आणखी बोलकी आहे. पहिले २५ पत्ते साधारण ३४ पाकिटांत मिळतात. उरलेल्या २५ साठी १९१ पाकिटं लागतात. त्यातही शेवटचे पाच पत्तेच ११४ पाकिटं खातात, म्हणजे एकूण खर्चाचा अर्धा भाग. सुरुवातीला ‘भराभर जमतंय’ असं वाटतं ते खरंच असतं, आणि पुढे ‘नशीबच फुटकं’ असं वाटतं तेव्हा नशिबाचा काही दोष नसतो.

या गणिताला एक जुना तोडगा आहे: अदलाबदल. पाच मित्रांनी पाकिटं एकत्र फोडली, डबल पत्ते एकमेकांना दिले आणि पाचही संच पुरे केले, तर दरडोई सुमारे ११५ पाकिटं पुरतात. खर्च जवळपास निम्म्यावर येतो. या प्रकाराला ‘ट्रेडिंग’ कार्ड म्हणतात ते याच देवघेवीमुळे. एकट्याने खेळणाऱ्याला, त्यातही मोबाइलवर एकट्याने पाकिटं फोडणाऱ्याला, हा तोडगा सहसा मिळत नाही.

संच पुरा करण्याच्या ओढीचा कसा वापर होतो, हे जपानने ओळखलं. तिथल्या मोबाइल खेळांत चिठ्ठी काढल्यासारख्या वस्तू निघत आणि ठरावीक वस्तूंचा संच पुरा केला की मोठं बक्षीस मिळे. शेवटच्या वस्तूसाठी मुलं आईवडिलांचे पैसे उधळू लागली, तेव्हा २०१२ साली तिथल्या ग्राहक खात्याने ही पद्धत बेकायदा ठरवली.

नियमच खिसा हलका करतात

वरच्या हिशेबात सगळे पत्ते सारख्याच संख्येने छापले आहेत असं धरलं होतं. प्रत्यक्षात तसं नसतं. बहुतेक पत्ते साधे असतात, काही कमी आढळणारे, काही दुर्मीळ. ‘मॅजिक’ने २००८ साली दुर्मिळांच्याही वर ‘मिथिक’ नावाची पायरी आणली. त्या वर्षीच्या ‘शार्ड्स ऑफ अलारा’ या संचात असे १५ मिथिक पत्ते होते आणि साधारण आठ पाकिटांत एक मिथिक निघे. म्हणजे आपल्याला हवा तो नेमका मिथिक सरासरी १२० पाकिटांत एकदा.

आता नियमाकडे या. ‘मॅजिक’चा नेहमीचा डेक किमान ६० पत्त्यांचा असतो आणि त्यात एका नावाचे जास्तीत जास्त चार पत्ते चालतात. डेकमध्ये ताकदवान पत्ता चार वेळा असला तर तो हातात येण्याची शक्यता वाढते, म्हणून स्पर्धेतला खेळाडू चारही गोळा करतो. चार प्रती, प्रत्येकी १२० पाकिटं, झाली ४८० पाकिटं. त्या काळी अमेरिकेत एका पाकिटाला साधारण ४ डॉलर पडत. एका नावाच्या चार पत्त्यांसाठी १,९०० डॉलरच्या वर!

एवढं करून डेक तयार झाला तरी तो कायमचा नसतो. ‘मॅजिक’च्या ‘स्टँडर्ड’ प्रकारात जुने संच ठरावीक वर्षांनी बाद होतात. पोकेमॉनमध्ये पत्त्याच्या कोपऱ्यात एक अक्षर छापलेलं असतं, आणि जुन्या अक्षराचे पत्ते वेळोवेळी अधिकृत स्पर्धांतून बाहेर काढले जातात. यामागे खेळाचं भलंही आहे. नव्या खेळाडूला वीस वर्षांचे पत्ते जमवावे लागत नाहीत आणि तेच ते डाव पाहून कुणी कंटाळत नाही. मात्र कालचा डेक आज कपाटात जातो. कधी कधी बंदीही येते. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेला ‘ओको’ हा मिथिक पत्ता इतका जबर ठरला की दीड महिन्यात स्टँडर्डमधून त्याला हद्दपार केलं गेलं. ज्यांनी त्याच्या चार-चार प्रती घेतल्या होत्या, त्यांचे पैसे अडकले.

त्यात वेगही वाढला. २०२५ साठी ‘मॅजिक’ने स्टँडर्डमध्ये चालणारे सहा संच जाहीर केले. पूर्वी वर्षाला चार असत. एका पाकिटाची किंमत तशीच राहिली तरी पाकिटं विकत घ्यायचे प्रसंग वाढले की वर्षाचा खर्च वाढतोच.

सुट्या पत्त्याचा भाव कसा ठरतो?

हवा तो पत्ता पाकिटं न फोडता थेट विकत घेता येतो, त्याला ‘सिंगल’ म्हणजे सुटा पत्ता म्हणतात. मग हजारोंचा एक पत्ता आणि दोन रुपयांचा एक पत्ता, असं एकाच कागदाचं कसं होतं?

आष्टी-कारंजा पट्ट्यातल्या संत्रा बागायतदाराला हे समजावून सांगावं लागणार नाही. व्यापारी बागेतला झाडावरचा माल ठोक घेतो. तोडणी झाल्यावर फळांची प्रतवारी होते. मोठं, चकचकीत फळ चांगल्या भावाने दूरच्या बाजारात जातं आणि बारीक चुरी मिळेल त्या भावाने निघते. व्यापाऱ्याला बागेला दिलेली रक्कम, मजुरी, गाडीभाडं आणि नफा काढायचा असतो. चुरीतून हे सगळं निघत नाही, म्हणून सगळा भार मोठ्या फळांच्या भावावर पडतो.

सुटे पत्ते विकणारा दुकानदार असाच खोकेच्या खोके फोडतो. खोक्याची किंमत त्याला आतल्या पत्त्यांतून वसूल करायची असते. साधे पत्ते ढिगाने निघतात, त्यांना कुणी विचारत नाही. मग खोक्याचं जवळपास सगळं मोल दोन-चार दुर्मीळ पत्त्यांवर येऊन बसतं. त्यांचा भाव फारच चढला तर दुकानदार आणखी खोके फोडतात, माल वाढतो आणि भाव उतरतो. भाव पडले तर खोके फोडणं परवडत नाही, माल आटतो आणि भाव सावरतो. म्हणून संच छपाईत असेपर्यंत पाकिटाची किंमत आणि सुट्या पत्त्यांचे भाव एकमेकांना धरून राहतात.

यातून खेळाडूने एक गोष्ट लक्षात ठेवावी. पाकिटात सरासरीने जितकं मोल असतं, त्याहून थोडे जास्तच पैसे आपण मोजतो, कारण मधल्या प्रत्येकाचा नफा त्यात असतो. एखाद्या पाकिटात लॉटरी लागते ती अनेक रिकाम्या पाकिटांच्या जिवावर.

छपाई थांबली की मात्र हा लगाम सुटतो. १९९५ साली ‘मॅजिक’ने ‘क्रॉनिकल्स’ या संचात जुने पत्ते पुन्हा छापले, तेव्हा जुन्या प्रती जपून ठेवणारे संग्राहक भडकले. १९९६ साली कंपनीने एक यादीच जाहीर केली आणि त्यातले पत्ते खेळण्यायोग्य रूपात पुन्हा कधीही छापणार नाही असं वचन दिलं. ‘ब्लॅक लोटस’ हा त्या यादीतला सर्वांत नावाजलेला पत्ता. पहिल्या छपाईत त्याच्या सुमारे १,१०० प्रतीच निघाल्या होत्या. मागणी वाढत राहिली, माल वाढणं अशक्य. भाव सामान्य खेळाडूच्या हाताबाहेर गेला. त्या वचनाने संग्राहक सुखावला आणि त्याची किंमत खेळाडू आजवर मोजतोय.

न खेळणारं गिऱ्हाईक

गेल्या काही वर्षांत भाव पेटले ते न खेळणाऱ्या गिऱ्हाइकांमुळे. करोनाच्या काळात घरी बसलेल्या लोकांनी बालपणीचे पत्ते पुन्हा बाहेर काढले. अमेरिकी यूट्यूबर लोगन पॉल लाखो प्रेक्षकांसमोर जुनी पोकेमॉन पाकिटं फोडू लागला. पुढे त्याने ‘पिकाचू इलस्ट्रेटर’ हा जपानी स्पर्धेत बक्षीस म्हणून दिलेला पत्ता ५२ लाख ७५ हजार डॉलरच्या व्यवहारात मिळवला. २०२१ च्या मार्चमध्ये पत्त्यांची पारख करून त्यांना दर्जा देणाऱ्या ‘पीएसए’ या कंपनीकडे इतका माल साचला की तिने काही काळ बहुतेक काम घेणंच थांबवलं. मे महिन्यात एका दुकानाबाहेर पत्त्यांवरून मारामारी झाल्यावर ‘टार्गेट’ या अमेरिकी दुकानसाखळीने दुकानांतली विक्री थांबवली. २०२३ साली ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर आधारित ‘मॅजिक’ संचात जगात एकच प्रत असलेला ‘वन रिंग’ पत्ता टाकला होता. तो गायक पोस्ट मलोनने सुमारे २० लाख डॉलरना घेतल्याच्या बातम्या आल्या.

अशी गिऱ्हाइकं पाकीट खेळण्यासाठी घेत नाहीत. कुणी दर्जा लावून विकायला घेतो, कुणी न फोडताच गुंतवणूक म्हणून ठेवतो. खेळाडूला मात्र त्यांच्याच रांगेत उभं राहावं लागतं. कंपन्याही या गिऱ्हाइकांसाठी वेगळा माल काढतात. २०२२ साली ‘मॅजिक’च्या तिसाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने चार पाकिटांचा डबा ९९९ डॉलरना काढण्यात आला, आणि त्यातले पत्ते अधिकृत स्पर्धेत चालणारही नव्हते!

छपाई कमी असते असंही नाही. मार्च २०२४ पर्यंत जगभरात ६४८० कोटी पोकेमॉन पत्ते तयार झाले होते. त्यातले ११९० कोटी एकट्या २०२३-२४ या वर्षातले. तरीही विशिष्ट पत्त्यांची टंचाई टिकते, कारण टंचाई आधीच ठरवून छापलेली असते.

डॉलरचं पाकीट, रुपयाचा खिसा

१९९३ साली ‘मॅजिक’चं पाकीट अमेरिकेत सुमारे अडीच डॉलरना मिळे. २०२५ साली साध्या पाकिटाची छापील किंमत साडेपाच डॉलरच्या आसपास होती. अमेरिकेतली महागाई हिशेबात धरली तर ही वाढ फार नाही. तिथल्या खेळाडूचा खर्च वाढला तो वर सांगितलेल्या कारणांनी. त्यातही ‘फायनल फँटसी’सारख्या नामांकित कथांवरच्या संचांचं पाकीट ७ डॉलरपर्यंत नेऊन ठेवलं गेलं.

भारतात आणखी एक पायरी येते. १९९३ साली डॉलर साधारण ३१ रुपयांना होता, म्हणजे पाकीट ऐंशी रुपयांच्या आत. २०२५ साली डॉलर साधारण ८५ ते ९० रुपयांत फिरला, म्हणजे तेच पाकीट पावणेपाचशेच्या घरात. वाहतूक, आयात शुल्क, जीएसटी आणि दुकानदाराचा नफा अजून वेगळाच. खेळाची दुकानं मोठ्या शहरांत, म्हणून तालुक्याच्या गावाला कुरिअरचा खर्चही लागतो.

मग आष्टीतल्या दुकानात दहा रुपयांत पोकेमॉन कसा मिळतो? उघड आहे, इतक्या स्वस्तातला बहुतेक माल नकली असतो. खरा पत्ता कागदाच्या थरांचा असतो आणि मधला थर गडद असतो. कडा निरखून पाहिली तर बारीक काळपट रेघ दिसते. नकली पत्ता पातळ, इंग्रजी शब्दांत चुका, अक्षरं जाड-बारीक, ताकदीचे आकडे अचाट. सोनेरी मुलामा दिलेले झगमगीत पत्ते तर बहुधा नकलीच. घरच्या अंगणात खेळायला त्यांनी काही बिघडत नाही. मात्र ते स्पर्धेत चालत नाहीत आणि पुढेमागे विकून पैसे येतील हा समज करून घेऊ नये.

चौकट: थोडक्यात

• बंद पाकिटांतून ५० पत्त्यांचा संच एकट्याने पुरा करायला सरासरी २२५ पाकिटं लागतात. शेवटचे पाच पत्ते निम्मा खर्च खातात.
• पाच जणांनी मिळून अदलाबदल केली तर हा खर्च जवळपास निम्मा होतो.
• चार प्रतींचा नियम, बाद होणारे संच आणि वर्षातल्या संचांची वाढती संख्या यांनी खर्च चालूच राहतो.
• खोक्याचं मोल मोजक्या दुर्मीळ पत्त्यांवर गोळा होतं, म्हणून तेच महाग.
• संग्राहक आणि गुंतवणूकदार खेळाडूच्याच रांगेत उभे राहून भाव चढवतात.

स्वस्तात खेळायचं कसं?

खेळ वाईट नाही. पत्ते वाचणं, डाव आखणं, समोरच्याच्या मनाचा अंदाज घेणं यात डोकं चांगलं चालतं. खर्च आवरायचा असेल तर आधी एकच गोष्ट ठरवायची: आपल्याला खेळायचं आहे की जमवायचं आहे?

खेळायचं असेल तर बंद पाकिटं हा सर्वांत महाग रस्ता आहे. कंपन्या तयार डेकही विकतात. दोन मित्रांनी असे दोन घेतले की महिनोन्‌महिने खेळता येतं. नेमका पत्ता हवा असेल तर सुटा घ्यावा, तोही संच नवा असतानाची झुंबड ओसरल्यावर. ‘मॅजिक’मध्ये ‘पॉपर’ नावाचा प्रकार आहे. त्यात फक्त साध्या दर्जाचे पत्ते चालतात, म्हणजे ज्यांना व्यापारी विचारत नाही तेच. मित्रमंडळाने मिळून एक मोठा समाईक संग्रह बांधावा आणि दर वेळी त्यातूनच वाटून खेळावं, अशीही पद्धत रूढ आहे. तिला ‘क्यूब’ म्हणतात. ‘डॉमिनियन’सारखे खेळ तर डेक बांधण्याची गंमत एका पुऱ्या डबीत देतात. घरच्या घरी खेळताना महाग पत्त्याऐवजी कागदावर नाव लिहून ठेवलं तरी डाव तसाच रंगतो, फक्त तो स्पर्धेत न्यायचा नाही आणि विकायचा नाही.

जमवायचं असेल तर महिन्याची रक्कम आधी ठरवा आणि संच ऐंशी टक्के झाला की पाकिटं बंद करा. उरलेले पत्ते अदलाबदलीने किंवा सुटे मिळवा, कारण तिथून पुढे बहुतेक पाकिटं वाया जाणार हे गणिताने आधीच सांगितलंय. मोबाइलवरच्या पत्तेखेळांत मुलाच्या हाती पैसे भरायची सोय उघडी ठेवू नका.

आईवडिलांनी मुलाकडून पत्ते हिसकावून घेण्यापेक्षा त्याला वहीत रोजचा हिशेब लिहायला सांगावा: आज किती पाकिटं, किती नवे, किती डबल. महिन्याभरात ‘डबल’चा रकाना लांबत गेलेला तो स्वतःच पाहील. शक्यतेचं गणित पुस्तकात यायच्या कितीतरी आधी त्याला दहा रुपयांच्या पाकिटातून समजेल, आणि पुढे कुणी मोठ्या रकमेचं बंद पाकीट त्याच्यासमोर धरलं तर आत काय निघण्याची शक्यता किती, हे तो आधी विचारील.